सेवा गट: कामगार आणि स्टाफकडून सारखे येणारे प्रश्न

दर महिन्याला कॅन्टीनजवळच्या बोर्डवर नावं लिहायचा कागद लागला की तेच तेच प्रश्न येतात. कोण गेटवर थांबवून विचारतं, कोण रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. नवीन जॉइन झालेल्यांनी तर पूर्ण वाचाच. आपला गट सुरू होऊन सात वर्षं झालीत, त्यात जे जमलं ते लिहिलंय आणि जे चुकलं ते पण लिहिलंय, कारण चुकांतूनच आपले बरेचसे नियम आलेत.

हे नेमकं काय आहे आणि यावंच लागतं का?

आपल्या कारखान्यातली माणसं महिन्यातून एकदा, कधी दोनदा, सोलापुरातल्या आणि आसपासच्या संस्थांमध्ये जाऊन काम करतात. वृद्धाश्रम, अंध मुलांची शाळा, मुलांचं वसतिगृह, वस्तीतली अभ्यासिका असं. साहित्य आणि गाडी कंपनी देते, वेळ आणि हात आपले.

यावंच लागत नाही. हे मी मोठ्यानं सांगतो कारण दर वर्षी कुणीतरी नवीन सुपरवायझर आपल्या खात्यातल्या दहा जणांची नावं त्यांना न विचारताच लिहून टाकतो. असं नाव आलं की मी स्वतः त्या माणसाला फोन करून विचारतो, आणि नको म्हणाला तर नाव काढतो, पुढं काही विचारत नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस असतंय, कुणाची शेती असते मोहोळकडं, रविवारी तिकडं जावं लागतं. इन्क्रिमेंटमध्ये, बढतीमध्ये, ओव्हरटाइम देताना याचा काही संबंध नाही, आणि कुणी जोडला तर मला सांगा, मी वरपर्यंत नेतो.

आठवड्याची सुट्टी हा तुमचा हक्क आहे, कायद्यानं दिलेला. म्हणून आपण शक्यतो कामाच्या दिवशीच, पाळीतला अर्धा दिवस घेऊन जातो. फक्त वारी, रक्तदान आणि अभ्यासिका बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी असतात, तिथं ज्याला यायचं तो येतो.

मी शिलाईत पीसरेटवर आहे. अर्धा दिवस गेले तर माझे पैसे कोण देणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि पहिली दोन वर्षं आम्हाला तो सुचलाच नव्हता. ऑफिसच्या माणसाला पगार महिन्याचा, तो अर्धा दिवस गेला काय आणि नाही काय, त्याच्या पाकिटात फरक पडत नाही. शिलाईतली बाई जेवढ्या शर्टांना कॉलर लावते तेवढेच पैसे तिला, ती अर्धा दिवस वृद्धाश्रमात गेली तर तिच्या घरातला किराणा कमी होतो. त्यामुळे व्हायचं काय की सेवेला सगळा ऑफिस स्टाफ, फोटोत सगळा ऑफिस स्टाफ, आणि आपण म्हणायचो कामगारांना आवड नाही. आवड होती ओ, परवडत नव्हतं.

एका ताईंनीच मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "मला यायचंय, पण माझं त्या दिवसाचं दान मी एकटीच देते, तुम्ही देत नाही." त्यानंतर नियम बदलला. आता पीसरेटवाल्यांना मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीनं अर्ध्या दिवसाचे पैसे मिळतात, हजेरीबक्षीस कापलं जात नाही. रात्रपाळीवाल्यांनी पाळी संपल्यावर लगेच यायचं नाही, झोप घ्यायची आणि पुढच्या वेळी यायचं.

कंपनीला सीएसआर करावंच लागतं म्हणून आम्हाला पाठवतात का?

नाही. सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाचं, नीट समजून घ्या कारण यावर लई गैरसमज आहेत. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं मागच्या वर्षी काहीही एक असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि कंपनी जिथं आहे त्या भागाला आधी बघावं असं कायद्यातच म्हटलंय. आपली कंपनी यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नाही. सोलापुरातले बरेचसे टॉवेल, चादर, युनिफॉर्मचे कारखाने बसत नाहीत, ते घरगुती भागीदारीतले नाहीतर छोटे आहेत.

आणि बसली असती तरी तुमचे तास त्यात धरता आले नसते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे तुमच्या घामावर कुणी कागद रंगवत नाहीये.

संस्था कशी ठरवता?

तीन गोष्टी बघतो. एक, नोंदणी. आपल्याकडं ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद लागते, तिचा नंबर मागायचा आणि ऑडिट झालेला हिशोब मागायचा. चांगली संस्था हिशोब मागितला की रागवत नाही, उलट फाइल काढून समोर ठेवते.

दोन, आधी न सांगता एकदा जाऊन यायचं. सकाळी नऊ-साडेनऊला जा, स्वयंपाकघर बघा, संडास बघा. बाहेरच्या बोर्डापेक्षा संडास जास्त सांगतो.

तीन, त्यांना काय पाहिजे ते त्यांनाच विचारायचं. आणि पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. पहिल्यांदा विचारलं की संस्थावाले भिडेपोटी म्हणतात, "तुम्ही द्याल ते." मग चहा घेत बसायचं, परत विचारायचं. तिसऱ्यांदा कुणीतरी हळूच म्हणतं की तेवढं लाइटबिल राहिलंय, नाहीतर रात्रीची मावशी सोडून गेलीय, दुसरी मिळेना झालीय. खरी गरज ती असते. ती दिसायला छान नसते, तिच्यावर आपलं नाव छापता येत नाही, पण तीच असते.

माझ्या ओळखीच्या संस्थेला, गल्लीतल्या मंडळाला मदत करणार का?

संस्था असेल तर नाव सुचवा, वरच्या तीन गोष्टी तिलाही लागू. सुचवणारा माणूस निर्णयात बसणार नाही. मंडळाच्या वर्गणीला आणि पक्षाच्या कार्यक्रमाला नाही. कुठल्या जातीधर्माच्या लोकांची संस्था आहे हे आपण बघत नाही.

मुलाचा वाढदिवस वृद्धाश्रमात करायचाय, चालेल का?

चालेल, पण आधी हे वाचा.

पहिल्या वर्षी आम्ही साठ पाकिटं फरसाण, दोन किलो पेढे आणि एक मोठा केक घेऊन एका वृद्धाश्रमात गेलो. जानेवारी महिना, गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी नुकतीच संपलेली, सगळे उत्साहात. तिथं कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या, कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी केकची प्लेट पुढं केली तर त्यांनी ती घेतली, उशीजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "ठेव बाळा, हा या आठवड्यातला चौथा." मग उशीखालून औषधाची चिठ्ठी काढून दाखवली, साखरेचा आकडा बघून माझी मान खाली गेली. मी विचारलं आजी मग काय आणू, तर म्हणाल्या माझी नखं कापून दे, दिसत नाही मला, आणि इथल्या पोरी घाईत असतात.

कुणाकडंच नेलकटर नव्हतं. संस्थेच्या ऑफिसातून मागून घेतलं, आजींनी पाय लांब केले आणि आपल्या पॅकिंगमधल्या एका पोरानं खाली बसून वीस मिनिटं त्यांची नखं कापली, आधी कोमट पाण्यात पाय भिजवून, कारण नखं पार लाकडासारखी झालेली. तेवढ्या वेळात आजींनी त्याला विजापूर वेसेतलं त्यांचं घर, मालकांची गिरणीतली नोकरी, गिरणी बंद पडल्यावर काय झालं, सगळं सांगितलं. परत जाताना तो पोरगा म्हणाला मी पुढच्या महिन्यात येतो, आणि तो खरंच गेला, गटाशिवाय, एकटा.

आता वृद्धाश्रमाच्या आपल्या पिशवीत नेलकटर, केसाला लावायचं तेल, वाचायचा चष्मा दुरुस्त करायचे बारीक स्क्रू आणि मोबाइलचे चार्जर असतात. वाढदिवस करायचा असेल तर जरूर करा, पण संस्थेला विचारून त्यांच्या नेहमीच्या जेवणात एक भाजी वाढवा, आणि केक घरीच कापा. एक दिवसाच्या जेवणाऐवजी महिन्याचे डायपर दिले तर त्यांचं जास्त भागतं, बिछान्यावरच्या माणसांना डायपर लई लागतात आणि ते कुणी देत नाही.

आपल्याच मालातलं काही देता येतं का?

येतं, आणि ते सगळ्यात कामाचं असतंय. किनार सुटलेले, रंग थोडा उतरलेले सेकंडचे टॉवेल आपण आधी किलोवर विकायचो. बिछान्यावर पडलेल्या माणसाला दिवसाला तीन-चार टॉवेल लागतात, त्याला किनारीशी काय करायचंय. आता दर तिमाहीला गठ्ठे बाजूला निघतात. कटिंगच्या चिंध्यांमधून वस्तीतल्या बाया वाकळी शिवतात, त्यांना शिवणावळ कंपनी देते आणि वाकळी संस्थांना जातात. फाटका, डागी, वास येणारा माल मात्र पाठवायचा नाही, तुम्ही स्वतः वापराल का एवढं विचारा आणि मग गठ्ठा बांधा.

घरातले जुने कपडे आणून दिले तर?

विचारल्याशिवाय आणू नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला जो पूर आला, माढा, मोहोळ, करमाळ्याकडं गावंच्या गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्यातल्या कितीतरी जणांची गावं तिकडचीच. तेव्हा आपण घाईघाईत टेम्पो भरून जुने कपडे नेले. गावात पोचलो तर शाळेच्या वऱ्हांड्यात आधीच आलेल्या कपड्यांचा ढीग छातीएवढा, खालचे ओले होऊन कुबट वास मारायलेत, आणि माणसं त्याला हात लावत नव्हती. ज्याचं घर वाहून गेलंय तो काय कुणाची फाटकी पँट घालणार नाही, त्याचा मान वाहून गेलेला नाही.

मग सरपंचांशी आणि बचतगटाच्या बायकांशी बसून यादी केली. कोरड्या चादरी आणि सतरंज्या. जनावरांना चारा, कारण दावणीची वैरण सगळी भिजलेली. घरातला गाळ काढायला फावडी, घमेली, खराटे आणि हात. पोरांची पुस्तकं. आणि न नासणारं जेवण. हे ऐकल्यावर आपल्या शिलाईतल्या ताईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. रात्रीत पन्नास घरांतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी गोळा झाली. पुरीभाजीची पाकिटं संध्याकाळपर्यंत आंबायची, तिथं आपली कडक भाकरी आठ दिवस टिकली. ज्वारीची, पातळ, खडखडीत भाजलेली. आमटी मिळाली तर कुस्करून खायची, नाही मिळाली तर चटणी आणि वरून पाणी.

त्यानंतर चार आठवडे दर आठवड्याला पंधरा जण गाळ काढायला जात होते. पहिल्या आठवड्यात सगळीकडून मदत होती, चौथ्या आठवड्यात त्या गावात बाहेरून येणारे जवळजवळ आपणच होतो. तेव्हापासून ठरवलं की एका गावाला, एका संस्थेला हात लावला तर किमान वर्षभर सोडायचं नाही.

फोटो काढायचे का?

आपले काढा. मुलांचे नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही छापणं, टाकणं बाल न्याय कायदा २०१५ नुसार गुन्हा आहे, कलम ७४. यात स्टेटसला टाकलेला फोटो पण आला, चेहऱ्यावर गोल स्टिकर लावला आणि खाली संस्थेचं नाव लिहिलं तरी ओळख पटतेच. आणि कायदा बाजूला ठेवा, वही घेताना फोटो काढलेलं पोरगं दहावीत गेल्यावर तो फोटो वर्गातल्या कुणी शोधून काढला तर त्याला काय वाटेल? वृद्धाश्रमात आजी-आजोबा हो म्हणाले तर काढा, पण काही देतानाचा नको. शेजारी बसून काढा, घरच्यासारखा.

मला शिकवता वगैरे येत नाही, मी फिटर आहे. माझा काय उपयोग?

तुमचीच वाट बघतात लोक.

सोलापुरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येतं हे काय नव्यानं सांगायला नको. चाळीस मुलांच्या वसतिगृहात पाण्याच्या दिवशी मोटर जळाली तर पुढच्या पाळीपर्यंत टाकी रिकामी, टँकर मागवायचा म्हणजे महिन्याचा भाजीचा पैसा गेला. अशा एका वसतिगृहात आपले मोटर-वाइंडिंगवाले मामा गेले, मोटर उघडली, बेअरिंग गेलेलं आणि कॉइलला पाणी लागलेलं. त्यांनी ती इथं आणून दोन दिवसांत भरून दिली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, टाकीला फ्लोट बसवला, स्टार्टरची पेटी पावसात भिजत होती ती आत घेतली, आणि आठवी-नववीतल्या दोन पोरांना शेजारी उभं करून पाणी नसताना मोटर कोरडी चालू द्यायची नाही, आवाज बदलला की आधी स्विच बंद करायचा हे दाखवलं. त्यातला एक आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडला.

व्हीलचेअरची चाकं, खाटांचे सुटलेले वेल्ड, शिलाई मशीनचं टायमिंग, गळके नळ, पंखे, इन्व्हर्टर. आपल्या मेंटेनन्स खात्यातली चार माणसं अर्ध्या दिवसात जे करतात ते पन्नास जणांच्या भेटीतून होत नाही. तसंच अकाउंट्सवाल्यांचं. छोट्या संस्थांचा हिशोब वहीत आणि पिशवीतल्या पावत्यांत असतो, मार्चनंतर दोन दिवस कुणी बसून तो लावून दिला तर त्यांचं वर्षाचं टेन्शन जातं. ड्रायव्हर, स्वयंपाकी, टायपिंग येणारे, सगळे या.

मुलांना शिकवायला जायचंय, काय तयारी लागते?

महिन्यातून चार रविवार देता येत असतील तरच नाव द्या. पोरं एकदा येऊन गेलेल्या दादा-ताईची लई दिवस वाट बघत बसतात, ते बघवत नाही. बालगृहात जायचं असेल तर संस्थेची आणि महिला व बालविकास खात्याची परवानगी लागते, ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, एकट्यानं एका मुलाला बाजूला घेऊन बसायचं नाही, भेटवस्तू एकट्याला द्यायची नाही.

आणि भाषेचं. शहराच्या पूर्व भागातल्या आपल्या कितीतरी पोरांच्या घरात तेलुगू बोलतात, कुठं कन्नड, कुठं उर्दू. महापालिकेच्या शाळाही मराठी धरून या चारही भाषांच्या आहेत. तिसरीतलं पोरगं मराठी धडा अडखळत वाचतंय म्हणजे ते मंद नाही, ते तिसऱ्या वर्गात दुसरी भाषा शिकायलंय. वाइंडिंग खात्यातल्या आपल्या पद्मशाली ताई आल्यापासून अभ्यासिकेत फरक पडला, कारण त्या गणित आधी तेलुगूत समजावतात आणि मग मराठीत लिहायला लावतात. ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी कृपा करून पुढं या.

विडी कामगार वस्तीतल्या आरोग्य शिबिराला बायका का येत नाहीत?

येतात, वेळ चुकली म्हणून आल्या नव्हत्या. आम्ही शिबिर सकाळी दहाला ठेवलं होतं, डॉक्टरांना सोयीचं म्हणून. त्या वेळी बाई कारखान्यात विड्या जमा करायला गेलेली असते, तिथं रांगेत थांबून विड्या मोजून द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, ते चुकलं तर दुसऱ्या दिवशीचं काम गेलं. परत आली की घरचं बघून पानं कापायची, मग हजाराच्या हिशोबानं वळत बसायचं, सूप मांडीवर घेऊन. आता शिबिर तिथल्या बायकांना विचारून ठरवतो, बहुतेक दुपारी चारनंतर असतं, आणि डॉक्टरही तयार होतात, फक्त आधी सांगावं लागतं. खोकला, मान-पाठ आणि डोळे या तीन तक्रारी जास्त असतात, त्यामुळे नुसतं बीपी-शुगर बघून परत यायचं नाही, चष्म्याचा नंबर काढणारे बरोबर पाहिजेत. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत बरीच कुटुंबं राहायला गेलीत, तिथून शहरात यायला रिक्षाभाडं लागतं, म्हणून तिकडं आपणच जातो.

रक्तदान कधी असतं, कोण करू शकतं?

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि १० ऑक्टोबरला. आधी १५ ऑगस्टला करायचो. मग रक्तपेढीच्या माणसांनीच सांगितलं की १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, जयंत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवसांना पिशव्यांचा पूर येतो. तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस, शिबिरं होत नाहीत, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणून आपण मे धरला, सकाळी साडेसात ते दहा, कूलर लावून. आणि १० ऑक्टोबर हा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस, १९१० चा, आपल्या सोलापुरातला. १९३८ साली चीनला जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या नावानं हार घालण्यापेक्षा हे बरं वाटलं.

वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी परत देता येतं. उपाशीपोटी येऊ नका, रात्रपाळी करून झोप न घेता येऊ नका, ही अट रक्तपेढीचीच आहे. शिलाईतल्या बऱ्याच ताईंचं हिमोग्लोबिन कमी निघतं आणि त्या हिरमुसून परत जातात. त्यांची यादी आम्ही वेगळी ठेवतो, त्यांना डॉक्टरांकडं पाठवून गोळ्या सुरू करतो आणि तीन महिन्यांनी परत तपासतो. दान झालं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमचा आजार कळला हे त्या दिवसाचं काम झालं.

झाडं लावूया की, सगळे लावतात.

लावू, पण मोजकी. पाऊस आपल्याकडं साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तो पण लहरी. जुलैत खड्डे करून पाचशे रोपं लावायची आणि मार्चमध्ये काड्या मोजायच्या, हे या शहरानं लई वेळा बघितलंय. आपण वर्षाला चाळीसच लावतो, कडुलिंब, करंज, चिंच, वड, आणि प्रत्येक रोपाला दोन माणसांची नावं असतात, त्यांनी दोन उन्हाळे पाणी घालायचं.

आणि माळावर झाडं लावायला नको म्हणजे नको. नान्नजचा माळ ओसाड दिसतो म्हणून तिकडं लावू असं दर वर्षी कुणीतरी सुचवतं. तो ओसाड नाही, तो गवताळ माळ आहे, १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालेला. माळढोकाला, काळविटाला, लांडग्याला मोकळा माळच लागतो, तिथं झाडी वाढवली तर त्यांचं घर जातं. शाळेच्या आवारात, दवाखान्याजवळ, आपल्या एमआयडीसीच्या रस्त्याकडेला लावा.

आषाढी वारीत काय करतो?

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरवरून जाते, आणि दिंड्या तर किती जातात. आपल्याकडं पाणी, पाय दाबणं, फोडांना मलमपट्टी आणि चप्पलदुरुस्ती असते. चप्पलदुरुस्तीला सगळ्यात मोठी रांग असते. बिस्किटं वाटायची नाहीत, पुढच्या वळणावर अजून तीन मंडळं वाटत असतात, आणि नंतर रस्त्याकडेचे कागद उचलायला संध्याकाळी आपली दुसरी तुकडी जाते. तिच्यात नावं कमी येतात, यंदा तिकडं द्या.

वेळ नाही, पगारातून पैसे कापून दिले तर?

महिन्याला ५० रुपयांपासून पुढं कितीही, लेखी फॉर्म भरून. फॉर्मशिवाय एक रुपया कापला जाणार नाही, आणि कधीही बंद करता येतं, कारण विचारणार नाही. जेवढे कामगारांचे जमतील तेवढेच कंपनी घालते. हिशोब दर तीन महिन्यांनी बोर्डवर लागतो, नावं न लिहिता, नुसती रक्कम.

टॅक्सचं: दानावरची सवलत, जिला ८०जी म्हणतात, संस्थेकडं ती मान्यता असेल तरच मिळते, बहुतेक ठिकाणी निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या मर्यादेत, रोख दोन हजारांच्या वर दिलं तर नाही, आणि वस्तू दिल्या तर नाही. नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर ही सवलत नाहीच.

मी गेलो होतो, परत आल्यावर दोन दिवस झोप लागली नाही. पुढच्या वेळी जाऊ का?

असं होतं, आणि ते तुमच्यात काही कमी असल्याचं लक्षण नाही. गाडीतून परत येताना आपण सिव्हिलजवळच्या टपरीवर चहाला थांबतो ते त्यासाठीच, ज्याला बोलायचंय तो बोलतो. मला स्वतःला एका मुलीनं विचारलं होतं, "काका तुम्ही परत येणार नाही ना?" तिला इतकी सवय झालेली न येणाऱ्यांची. मी पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. तुम्हाला बालगृह जड जात असेल तर तिथं नका जाऊ, मोटर दुरुस्तीला या, अकाउंट्सला बसा, टॉवेलचे गठ्ठे बांधा. थोडं थांबून आलात तरी चालेल.

घरच्यांना आणता येईल का?

वारी, झाडं आणि वृद्धाश्रमात हो, लेकरांना पण आणा. बालगृहात आणि पूरगावात नाही.

नाव कुठं द्यायचं?

कॅन्टीनजवळच्या बोर्डवर, नाहीतर टाइम ऑफिसला, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. नाव, खातं, पाळी, आणि तुम्हाला काय येतं ते लिहा. "काही येत नाही" असं लिहू नका, मागच्या महिन्यात असं लिहिणाऱ्या एका मावशींना केस कापता येतात हे आम्हाला बसमध्ये कळलं, आणि आमच्याकडं कात्री नव्हती. या महिन्याला वृद्धाश्रम आहे, गुरुवारी दुपारी दीडला गेटवरून गाडी सुटेल. कात्री आणि कंगवे घेतलेत, कापताना अंगावर टाकायला सेकंडचे वीस टॉवेल पॅकिंगला सांगून ठेवलेत, अजून दोन केस कापणारे पाहिजेत.